पीएम रिपोर्टमधली दारू: तुमचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

मागच्या अंकात आपण पोस्टमॉर्टेमचा, म्हणजे पीएमचा, रिपोर्ट कसा वाचायचा यावर बोललो होतो. त्यानंतर जी पत्रं नि मेल आले त्यातले बहुतेक सगळे दारूबद्दल. साहजिक आहे म्हणा. माणूस गेल्यावर रिपोर्टात दारू हा शब्द दिसला की घरात, गावात, विमा कंपनीत सगळीकडे त्या एका शब्दावरनं निकाल लागतो. मी निम्मं आयुष्य सरकारी मेडिकल कॉलेजच्या शवागारात काढलंय, त्यामुळे या विषयावर जरा जास्तच बोलीन, सांभाळून घ्या. नावं, गावं काढून टाकलीत, जिल्हा तेवढा ठेवलाय.

प्रश्न: माझे दीर मे महिन्यात विहिरीत पडून गेले. बॉडी चौथ्या दिवशी वर आली. आता सीए रिपोर्ट, म्हणजे केमिकल ॲनालायझरचा, सरकारी लॅबचा रिपोर्ट आलाय, त्यात रक्तात इथाइल अल्कोहोल ६२ मिलिग्रॅम असं लिहिलंय. मॅडम ते माळकरी होते हो, चहासुद्धा अर्धा कप घ्यायचे. गावात आता लोक काय काय बोलतायत आणि शेतकरी अपघात योजनेचा अर्जपण अडकलाय. लॅबची चूक आहे का ही? (सोलापूर जिल्हा)

लॅबची चूक असेलच असं नाही. अल्कोहोल रक्तात खरंच असू शकतं आणि तरी तुमचे दीर थेंबभरही प्यायले नव्हते हेही खरं असू शकतं. माणूस गेल्यावर शरीर कुजायला लागतं, आतड्यातले जिवाणू नि यीस्ट रक्तात पसरतात आणि तिथली साखर खाऊन चक्क अल्कोहोल तयार करतात, म्हणजे उसाच्या मळीचं होतं तेच. मे महिना, चार दिवस, फुगून वर आलेली बॉडी, यात दर १०० मिली रक्तात ५०-६० मिलिग्रॅम काय, कधी १०० च्या वरसुद्धा आकडा सापडतो आणि यात नवल असं काही नाही, फॉरेन्सिकच्या कुठल्याही पुस्तकात हे दिलेलं असतं.

आता तुम्ही काय बघायचं ते सांगते. पीएम नोट्स काढा आणि त्यात बॉडी कुजलेली होती असं लिहिलंय का ते पहिलं बघा. कातडी सुटलेली, पोट फुगलेलं, अंग हिरवं-काळं पडलेलं, असली वर्णनं तिथे असणारच. मग बघा रक्त कुठून घेतलं. मांडीतल्या मोठ्या शिरेतलं रक्त सगळ्यात भरवशाचं, छातीच्या पोकळीत साठलेलं रक्त सगळ्यात वाईट, कारण पोट नि आतडी शेजारीच. बाटलीत सोडियम फ्लोराइड घातलं होतं का हेही विचारा, ते नसेल तर लॅबला पोचेपर्यंत बाटलीतच आणखी अल्कोहोल बनत राहतं आणि आपल्याकडे नमुने लॅबला जायला नि मग तिथे नंबर लागायला किती दिवस लागतात ते मी सांगायला नको. लघवीचा किंवा डोळ्यातल्या द्रवाचा नमुना घेतला असेल तर सोन्याहून पिवळं, डोळ्यात जिवाणू उशिरा पोचतात, रक्तात ६२ आणि डोळ्यात शून्य असं आलं तर विषयच संपला, पण चार दिवस पाण्यात राहिलेल्या बॉडीत डोळे शाबूत असतील याची खात्री नाही. आणखी एक, कुजताना बऱ्याचदा एन-प्रोपॅनॉल नावाचं दुसरं एक अल्कोहोल सोबत तयार होतं. गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे प्रत्येक अल्कोहोल वेगळं करून मोजणारी तपासणी, केली असेल तर ते दिसतं. ते दिसलं तर इथाइल अल्कोहोलही कुजण्यातनंच आलं असणार असा संशय घेतात.

योजनेचं म्हणाल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत नशेच्या अंमलाखाली झालेला अपघात बसत नाही, म्हणून तो आकडा बघून क्लार्कने फाईल बाजूला ठेवली असणार. त्याचा तरी काय दोष, त्याला आकडा दिसतो, बाकीचं त्याला कोण सांगणार? तर करायचं असं की पोलिस ठाण्यात जिथे एडी, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल आहे तिथल्या तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या, की ज्या डॉक्टरांनी पीएम केलं त्यांच्याकडून क्वेरीचं, म्हणजे लेखी विचारलेल्या प्रश्नाचं, उत्तर मागवा. प्रश्न सरळ ठेवा: सापडलेलं अल्कोहोल मरणोत्तर कुजण्याने तयार झालेलं असू शकतं का. बहुतेक डॉक्टर यावर 'शक्यता नाकारता येत नाही' असं तरी लिहून देतातच. ते उत्तर अर्जाला जोडा. आणि गावातल्यांना काहीही समजावत बसू नका, ते बोलून बोलून थकतील.

प्रश्न: माझा नवरा लग्नाच्या पार्टीहून आला, जास्त झाली होती, झोपला आणि सकाळी उठलाच नाही. पीएममध्ये लिहिलंय की उलटी श्वासनलिकेत जाऊन गुदमरून मृत्यू, अंगावर एकही जखम नाही. अपघात विमा कंपनी म्हणते हा अपघातच नाही. उलटी घशात अडकणं हा अपघात नाही तर काय आहे? (ठाणे)

ताई, तुमच्या प्रश्नाला अगदी जुळणारी एक केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती म्हणून तीच सांगते. हिमाचलमधल्या वन महामंडळाचा एक चौकीदार, १९९७ चा ऑक्टोबर, शिमला जिल्ह्यात त्या रात्री पाऊस नि बर्फ, आणि तो मेलेला सापडला. पीएममध्ये जखम नाही, दारू आणि उलटून आलेलं अन्न श्वासनलिकेत जाऊन गुदमरणं असंच कारण. घरचे वर्षानुवर्षं भांडले. मार्च २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पॉलिसी फक्त अपघाताची आहे, बाहेरून काही आघात, इजा झालेली नाही, म्हणून अपघात विम्याचे पैसे द्यायची जबाबदारी कंपनीवर येत नाही. वैद्यकीय भाषेत आम्ही याला अपघाती मृत्यूच म्हणू, कारण ना आजार, ना आत्महत्या, ना खून. पण पॉलिसीच्या कागदावरचा अपघात वेगळा असतो आणि तिथे आमचं चालत नाही. शिवाय नशेत असताना झालेलं काहीही कव्हर नाही असं कलम जवळपास सगळ्याच अपघात पॉलिसीत असतं.

पण थांबा, एक गोष्ट लोक विसरतात. साधी जीवन विमा पॉलिसी, म्हणजे एलआयसी वगैरे, ती वेगळी आहे. तिच्यात मूळ रक्कम दारूमुळे गेला म्हणून नाकारत नाहीत, अडतो तो फक्त वरचा अपघाताचा जादा लाभ. कंपनी फार तर म्हणेल की फॉर्म भरताना दारूची सवय लपवली होती, पण पॉलिसीला ३ वर्षं झाली असतील तर विमा कायद्याचं कलम ४५ तुमच्या बाजूने आहे, तेव्हा तो मुद्दा त्यांना काढता येत नाही. तर घरातली सगळी कपाटं शोधा, नवऱ्याच्या ऑफिसात ग्रुप इन्शुरन्स होता का विचारा, बँकेच्या खात्यातनं दरवर्षी कुठला हप्ता कापला जात होता का तेही बघा. जी मिळणार आहे ती रक्कम सोडून जी मिळणार नाही तिच्यामागे वकिलाला पैसे देत बसलेली माणसं मी बघितलीयत.

प्रश्न: आमच्या रूमवर पार्टी होती, एक जण आउट झाला, आम्ही त्याला गादीवर टाकलं आणि झोपलो. सकाळी तो उठला, काही झालं नाही. पण असाच एक जण झोपेत गेल्याची इथलीच एक बातमी वाचून घाबरलोय. झोपू दिलं की उतरते ना दारू? आणि बियरने काही होत नाही ना? (पुणे)

वरचा प्रश्न वाचलास ना, तो अशाच रात्रीचा आहे, फक्त तिथे सकाळ वेगळी झाली.

आधी हिशेब बघ. आपल्याकडची व्हिस्की, रम साधारण ४२.८ टक्के. ६० मिलीच्या एका लार्ज पेगमध्ये २० ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल जातं. ६५ किलोच्या पुरुषाने रिकाम्या पोटी तो एक पेग मारला तर ढोबळमानाने रक्तात ४५ मिलिग्रॅम दर १०० मिलीला, म्हणजे गाडी चालवायची जी ३० ची मर्यादा आहे ती एका पेगमध्येच गेली. क्वार्टर (१८० मिली) मारली की १३५ च्या पुढेमागे. एकट्याने अख्खा खंबा (७५० मिली) भराभर संपवला तर ५०० च्या वर, आणि ४०० च्या पुढे कोमा, श्वास बंद पडणं हे सगळं येतं. आणि बियरचं म्हणशील तर ६५० ची एक स्ट्राँग, ८ टक्केवाली, म्हणजे ४० ग्रॅम, म्हणजे दोन लार्ज पेग. बियरने काही होत नाही हे कोणी पसरवलंय देव जाणे. मुलीच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं म्हणून तेवढ्याच पेगला तिचा आकडा आणखी वर जातो.

आता झोपू दिलं की उतरते का, तर उतरते, पण तासाला १५-२० मिलिग्रॅम एवढीच, त्याहून वेगाने नाही, कॉफी पाजा, लिंबू पाजा, गार पाण्याखाली धरा, लिव्हर आपल्याच चालीने जाणार. आणि मेख इथे आहे, की माणूस आडवा झाला तेव्हा शेवटचे तीनचार पेग अजून पोटातच असतात, रक्तात यायचेत. म्हणजे तो बेशुद्ध पडल्यावरही पुढचा तासभर आकडा चढतच राहतो. तुम्हाला वाटतं झोपलाय, तो अजून 'पितोय'. तिकडे मेंदूतलं श्वासाचं केंद्र मंदावतंय, घशात काही गेलं तर ठसका लागायचा तो लागत नाही, आणि उताणा असेल तर उलटी सरळ आत. एसी फुल्ल आणि अंगावर काही नसेल तर अंग गार पडतं, कारण दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात, वरून गरम वाटतं पण आतली ऊब बाहेर जाते. उपाशी पोटी प्यायला असेल तर साखरही घसरते.

तर पुढच्या वेळी काय करायचं. हाका मारून, खांदा हलवून, छातीच्या हाडावर बोटांच्या पेरांनी जोरात घासून बघायचं, डोळे उघडून शिवी जरी दिली तरी चालेल. काहीच प्रतिक्रिया नाही तर ती झोप नाही. मोबाईलमध्ये एक मिनिट लावून श्वास मोजा, मिनिटाला ८ पेक्षा कमी, किंवा दोन श्वासांत १० सेकंदांची गॅप, किंवा ओठ-नखं निळसर, किंवा घशात घरघर, किंवा अंग थंडगार, यातलं एकही असेल तर १०८. घरच्यांना कळेल, मालक रूम काढून घेईल, हे नंतर बघता येतं. गाडी येईपर्यंत कुशीवर, वरचा पाय गुडघ्यात दुमडून पुढे, तोंड किंचित खाली, आणि एकाने शेजारी जागं बसायचं. उलटी करवायला बोटं घालू नका. आणि त्याने सोबत झोपेची गोळी, खोकल्याचं औषध, आणखी काही घेतलंय का ते डॉक्टरला सांगा, लपवू नका, कारण दारू आणि झोपेची गोळी दोन्हीही श्वासच मंदावतात आणि मग २०० च्या आकड्यालाही माणूस जातो.

प्रश्न: आमच्या आळीत एक जण रोज सकाळपासून पितो, वीस वर्षं झाली, ठणठणीत आहे. आणि कुणी एका रात्रीत मरतो. मग अमुक आकड्याला मरतो याला अर्थ काय? (कोल्हापूर)

ठणठणीत आहे हे तुम्ही बाहेरून बघून सांगताय, त्याच्या लिव्हरला विचारलं नाहीत. पण प्रश्न चांगला आहे. एमी वाइनहाउस ही इंग्लंडची गायिका, जुलै २०११ मध्ये लंडनला घरी गेली, वय २७. रक्तात ४१६ मिलिग्रॅम, तिकडची गाडीची मर्यादा ८०. तिची तर पिण्याची ख्याती होती, मग तिला कसं झेपलं नाही? कारण मधले काही आठवडे तिने पूर्ण सोडली होती आणि मग एकदम पुन्हा सुरू केली. रोजच्या पिणाऱ्याचा मेंदू सरावलेला असतो, त्या आकड्याला तो बोलतो-चालतो, पण बंद केल्यावर हा सराव लवकर उतरतो आणि हात मात्र जुन्याच मापाने ओततो. त्या केसमध्ये पहिल्या कोरोनरकडे, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या तिकडच्या अधिकाऱ्याकडे, लागणारी पात्रता नव्हती असं निघालं, म्हणून २०१३ मध्ये पुन्हा चौकशी झाली आणि निष्कर्ष तोच आला. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलेल्या माणसाबद्दल म्हणून मी कायम सांगते, पहिले काही आठवडे जपा.

आणि म्हणूनच नुसत्या आकड्यावर मृत्यूचं कारण लिहायचं नसतं. ३०० आलं म्हणून दारूने गेला असं होत नाही, डोकं, हृदय, फुफ्फुसं, मान सगळं बघून दुसरं काही नाही ना हे ठरवावं लागतं. मी असे रिपोर्ट बघितलेत की वास आला म्हणून पुढे नीट बघितलंच नाही.

प्रश्न: वडिलांनी गणपतीत दारू सोडली, कडक सोडली. तिसऱ्या दिवशी भिंतीवर किडे दिसतात म्हणायला लागले, थरथर, घाम, ताप, कुणी म्हणालं बाहेरचं आहे. हॉस्पिटलात नेईपर्यंत गेले. सीए रिपोर्टात अल्कोहोल निल. मग ते गेले कशाने? (जळगाव)

फार वाईट वाटलं वाचून. तुम्ही लिहिलंय त्यावरनं तरी ते दारूनेच गेले असं मी म्हणीन, रिपोर्टात निल असूनही. सोलापूरच्या ताईंच्या रिपोर्टात दारू होती आणि प्यायलेली नव्हती, तुमचं नेमकं उलट.

वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या दाबाखाली तग धरायला स्वतःला ताणून ठेवतो. दारू एकदम काढली की दाब गेला पण ताण तसाच, मग सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत कधीही फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात ते किडे, साप, माणसं दिसणं, ताप, नाडी धावणं सुरू होतं, त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. हृदयाची लय बिघडून, क्षार नि पाणी घसरून माणूस जातो. यावर उपचार आहे, वॉर्डात ठेवून औषधं देऊन चारपाच दिवसांत उतरवता येतं, बी-१ म्हणजे थायमिनची इंजेक्शनं देतात. सोडायची तर डॉक्टरच्या नजरेखाली, विशेषतः ज्याला सकाळी उठल्या उठल्या हात थरथरतात म्हणून घ्यावी लागते त्याने. देवापुढे शपथ जरूर घ्या, पण आधी सिव्हिलला दाखवून घ्या. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका, बाहेरचं आहे म्हणणारे प्रत्येक गावात असतात.

प्रश्न: मी हवालदार आहे. रात्री रस्त्यावर पडलेले पिदाडे आम्हीच उचलतो. कधीकधी सकाळी उठत नाहीत आणि मग आमच्यावर येतं. ओळखायचं कसं? (नाव, ठाणं देत नाही)

नका देऊ. दारूचा वास आला म्हणजे डोक्याला मार नाही असं नव्हे, उलट प्यायलेलाच पडतो. कवटी आणि मेंदूचं वरचं आवरण यांच्या मधल्या जागेत रक्तस्राव झाला तर माणूस आधी बोलतो, चालतो, शिव्याही देतो आणि दोनचार तासांनी बेशुद्ध होतो, तुमच्या डायरीत 'झोपला' अशी नोंद होते. जुन्या पिणाऱ्याचा मेंदू आकसलेला असतो, शिरा ताणलेल्या, रक्त लवकर गोठत नाही, त्याला साध्या धडपडीनेही आत रक्त साठतं. शुगर कमी झालेला डायबेटिसवालाही अगदी प्यायल्यासारखाच बडबडतो. म्हणून कानातून-नाकातून रक्त किंवा पाणी, एका डोळ्याची बाहुली मोठी, एक बाजू लुळी, डोक्याला सूज, किंवा आधी बोलत होता आणि आता उठवूनही उठत नाही, यातलं काही दिसलं तर मेडिकल, तिथल्या तिथे. आणि उचललेल्या प्रत्येकाची ग्लुकोमीटरने शुगर बघायला लावा, दोन मिनिटांचं काम आहे. ठाण्यात ठेवलाच तर अर्ध्या अर्ध्या तासाने उठवून नाव विचारायचं आणि वेळ लिहायची. यातला स्वतःला वाचवण्याचा भागही आहेच, मी तो नाकारत नाही.

प्रश्न: हातभट्टीने गेलेले आणि असे गेलेले, यात फरक काय? (पालघर)

विष वेगळं. मुंबईच्या मालवणीत जून २०१५ मध्ये शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलने, म्हणजे कारखान्यात वापरायच्या स्पिरिटने. ते सुरुवातीला साध्या दारूसारखंच चढतं, त्रास बारा तासांनी, चोवीस तासांनी सुरू होतो कारण शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड व्हायला वेळ लागतो. हँगओव्हर म्हणून पडून राहतात आणि वेळ जातो. दुसऱ्या दिवशी पोटात कळा, धाप आणि डोळ्यांसमोर बर्फ पडल्यासारखं पांढरं, धूसर दिसायला लागलं तर एक मिनिट थांबू नका, डायलिसिसची सोय असलेल्या हॉस्पिटलात, आणि सोबत जे जे प्यायले त्या सगळ्यांना, त्रास नसला तरी. एप्रिल २०२१ मध्ये दुकानं बंद म्हणून यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सॅनिटायझर पिऊन माणसं गेली, सॅनिटायझरच्या बाटलीवर अल्कोहोल लिहिलंय म्हणून ते पिण्याचं होत नाही.

प्रश्न: डॉक्टरांनी सर्टिफिकेटवर नुसतं कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट लिहिलं. भाऊ तर दारूने लिव्हर जाऊन गेला. (नाशिक)

हृदय आणि श्वास थांबणं म्हणजेच मरण, ते कारण कसं होईल? फॉर्म ४ वर, म्हणजे मृत्यूच्या कारणाच्या सर्टिफिकेटवर, पहिल्या भागात शेवटची घटना वरती, मग ती कशामुळे, मग ती कशामुळे, असं खाली उतरत जायचं असतं. तुमच्या भावाचं असं लिहायला हवं होतं: रक्ताची उलटी, ती अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटल्यामुळे, त्या लिव्हर सिरॉसिसमुळे, तो दारूमुळे. डॉक्टर शेवटची ओळ गाळतात, बऱ्याचदा घरचेच हात जोडतात म्हणून, सोयरीक व्हायचीय, विमा आहे. मी समजू शकते पण पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०१९ मध्ये जगात २६ लाख मृत्यू दारूमुळे झाले, म्हणजे एकूण मृत्यूंच्या ४.७ टक्के. हा आकडा अंदाजाने काढावा लागतो त्याचं एक कारण या गाळलेल्या ओळी.

प्रश्न: सीए रिपोर्ट आम्हाला कुणी दिलाच नाही. मागायचा कुठे? (बीड)

लॅबमध्ये जाऊ नका, ते देणार नाहीत. रिपोर्ट पोलिस ठाण्यात येतो. एडी नंबर, तारीख आणि मृताशी नातं लिहून तपास अधिकाऱ्याच्या नावे अर्ज द्या, सोबत तुमच्या आधारची झेरॉक्स, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. तोंडी विचारलं की 'अजून आला नाही' हेच उत्तर मिळतं, लेखी दिलं की बरेचदा सापडतो. तरीही नाही मिळाला तर माहिती अधिकारात अर्ज टाका.